बॅटरीला गोडं पाणी

स्टार्टरचं बटण दाबलं तर गाडी नुसती ‘टक’ म्हणाली. परत दाबलं. परत टक. हॉर्न दाबला तर करडू आईला हाक मारतं तसा आवाज निघाला आणि तोही अर्ध्यावर विरला. सकाळचे साडेसात वाजलेले, अकरा वाजता पेणला माझी ड्रायव्हिंगची परीक्षा, आणि माझ्या शिकाऊ लायसनचा तो शेवटचा दिवस! चौलच्या आमच्या वाडीत पोफळीखाली उभी राहून मी गाडीला असल्या शिव्या घातल्या की शेजारच्या काकू कपडे वाळत घालायच्या थांबून ऐकत राहिल्या.

पहिल्या खेपेला मी नापास झाले होते. आठचा आकडा काढताना पाय टेकला. त्यातच अलिबागच्या एका शिवणवर्गात शिकवायला याल का, असं तिथल्या बाईंनी विचारलं. रोज येणार कशा, म्हणाल्या. मी अकलेचा कांदा, ठोकून दिलं, “कशा म्हणजे? माझी गाडी आहे, लायसन आहे!” गाडी होती, दिराची जुनी दुचाकी. लायसनचा पत्ता नव्हता. सोमवारी रुजू व्हायचं होतं आणि आज होता शुक्रवार. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी चालून आलेली पहिली नोकरी, ती एका ‘टक’पायी हातची जाणार होती.

नवरा बोटीवर. त्यामुळे सहा महिने माझ्या मागे बसले ते माझे सासरे. शिकाऊ माणसामागे लायसनवाला लागतो, आणि घरात लायसन फक्त बाबांकडे. पंचाहत्तरी गाठलेला माणूस, चाळीस वर्षं मोटारसायकल पिटाळलेला. रोज संध्याकाळी पाचच्या ठोक्याला ओट्यावर तयार. आणि मागून अखंड चालू, “ब्रेक! अगं ब्रेक!”

“बाबा, गाडी उभीच आहे!”

“तरी मार.”

बॅटरीला तर मी डोळ्यात तेल घालून जपलं होतं. आमच्याकडची हवा खारी. महिनाभर दुर्लक्ष केलं की टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी जमते आणि वीज पुढे जात नाही. दर पंधरा दिवसांनी मी ती गरम पाण्याच्या फडक्याने पुसायचे, जुन्या टूथब्रशने घासायचे, कोरडी करून वर पेट्रोलियम जेली चोपडायचे. एवढं करून ही नाटकं!

“किक मार,” बाबा म्हणाले. मी मारली. आठव्या किकला गाडी खोकली, नवव्याला सुरू झाली. बाबा टुणकन मागे बसले आणि आम्ही सुटलो. इंडिकेटर नाही, हॉर्न नाही. वळताना मी हात दाखवत होते आणि हॉर्नचं काम बाबांनी तोंडाने घेतलं होतं. नागावच्या अरुंद रस्त्यात सुट्टीला आलेली माणसं गाड्या आडव्या लावून फोटो काढत होती. बाबा मागून गरजले, “ओ पावणं! बाजूला व्हा, पोरीची परीक्षा हाय!” माणसं खरंच पटापट बाजूला झाली. मला भीती वाटत होती, हसू येत होतं, आणि खरं सांगते, मजाही येत होती.

नागाव सोडल्यावर रस्त्याला एक बॅटरीवाला आहे. तो नुकताच शटर वर करत होता. मी हेल्मेट न काढताच माझी सगळी कर्मकथा एका दमात सांगितली. “ताई, श्वास घ्या,” म्हणत त्याने बाजूचं कव्हर उघडलं, आधी वजाचं टर्मिनल सोडवलं, मग अधिकचं, आणि बॅटरी बाहेर काढून उजेडात धरली. जुन्या पद्धतीची, वर सहा झाकणांची. आतलं पाणी वरच्या रेषेच्याही वर गेलेलं आणि गढूळ तांबूस. त्याने काचेच्या नळीने थोडं ओढून पाहिलं. बॅटरी चांगली असली की त्या नळीतलं बोंडूक वर तरंगतं, इथे ते वर यायलाच तयार नव्हतं.

“बाहेरून तर झकास ठेवलीय,” तो म्हणाला. “आत पाणी कुठलं घातलंत?”

“पाणी? मी कुठे घातलं?”

मागून बाबा अभिमानाने पुढे झाले. “मी घातलं. दर रविवारी. आमच्या विहिरीचं!”

आता हे समजायला आमच्या आळीत राहायला हवं. इथे समुद्र हाकेच्या अंतरावर, जवळपास सगळ्या विहिरी मचूळ, तोंडात धरवत नाहीत. आमची एकच गोड्या पाण्याची. लग्नकार्यात लोक आमच्याकडून पाणी नेतात. पाहुणा आला की बाबा आधी तांब्याभर पाणी देतात आणि तो ‘वा!’ म्हणेपर्यंत समोरून हलत नाहीत. त्यांच्या लेखी त्या पाण्याने कुणाचं वाईट होणं शक्यच नव्हतं. हिची गाडी, हिची परीक्षा, मग बॅटरीला चांगल्यातलं चांगलं नको का?

“काका,” बॅटरीवाला कपाळाला हात लावत म्हणाला, “ते माणसांना पाजा हो! जिभेला गोडं लागलं तरी त्यात क्षार असतातच. बॅटरीला बाटलीतलं डिस्टिल्ड वॉटरच लागतं, तेही रेषेपर्यंत. ही आता गेली.”

आणि माझं डोकं फिरलं. वडीलधारं माणूस, परका दुकानदार, कशाचं भान राहिलं नाही. “मला विचारायचंत तरी! मी पास व्हायला नकोच होते ना तुम्हाला?”

बाबा हळूच म्हणाले, “तू पास व्हायला नको असतीस तर पाणी कशाला घातलं असतं, बाय?”

मला तोंड लपवायला जागा राहिली नाही. पण रडायला वेळ कुणाला होता? साडेआठ झाले होते. बॅटरीवाल्याने नवी, बंदिस्त बॅटरी आणली. आधी अधिकचं टर्मिनल लावलं. वजाचा स्क्रू मी त्याच्या हातून घेऊन स्वतः आवळला. बाबा वाकून वाकून बघत होते.

“हिला झाकणं न्हायत? मग पाणी कुठनं घालायचं?”

“हिला काही घालावं लागत नाही, काका.”

“काहीच न्हाय?”

“काहीच नाही.”

मी बटण दाबलं. खर्रर्र, आणि गाडी सुरू! हॉर्न दाबला तर समोरच्या कुंपणावरचे कावळे उडाले. मी भर रस्त्यात टाळ्या वाजवल्या. डावा इंडिकेटर, उजवा इंडिकेटर, परत डावा, लहान पोरासारखी दाबत सुटले. “अगं, पेणला दाब ते!” बाबा ओरडले.

कार्ले खिंड मी कशी चढले आणि वडखळच्या ट्रकांमधून कशी निघाले, मला आठवत नाही. अकराला दहा मिनिटं कमी असताना पोचलो. परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी सगळं एकेक करून मागितलं. हॉर्न. इंडिकेटर. गाडी बंद करा, परत चालू करा. गाडीने एकदाही मान टाकली नाही. मग आठचा आकडा. पहिलं वळण झालं, दुसऱ्याला चाक डुगडुगलं, मी दात आवळले, पाय उचललेलेच ठेवले आणि फिरले! साहेबांनी कागदावर खूण केली. “पास. पुढचा कोण?”

मी धावत जाऊन झाडाखाली बसलेल्या बाबांचे दोन्ही हात धरले आणि नाचले. सासऱ्यांचे हात धरून, चारचौघांत! बाबा हसले, डोळे पुसले, “शाब्बास!” म्हणाले. परतताना पोयनाडला चहाला थांबलो तेव्हा माझी बडबड थांबेना. सोमवारी कोणती साडी नेसू, नवऱ्याला फोनवर काय ऐकवू, सगळं सांगून झालं, तेव्हा कुठे माझं बाबांकडे लक्ष गेलं. बशीतला चहा तसाच होता.

“बाबा, मघाचं मनात धरू नका. रागात काय वाटेल ते बोलले मी. माझं तोंड तुम्हाला माहीत आहे.”

“ते न्हाय गं,” ते म्हणाले. “आता तुला मागं कोण लागत न्हाय.”

सहा महिने मी दिवस मोजत होते, कधी एकदा एकटी सुटते म्हणून. हा माणूस काय मोजत होता, हे मला एकदाही सुचलं नव्हतं.

“इतके दिवस कायद्यासाठी बसत होतात,” मी म्हटलं. “आता माझ्यासाठी बसा. पाच वाजता, रोजच्यासारखं.”

बाबांनी बशी तोंडाला लावून चहा एका घोटात संपवला. उठले, हेल्मेट चढवलं, पण त्याचा पट्टा त्यांना काही केल्या लागेना. मग तो मीच लावला.