क्रांतिकारकाचा पश्चात्ताप

फौजदारसाहेबांनी स्क्रिप्ट मिटलं आणि म्हणाले, "शेवटी त्याला पश्चात्ताप हवा. नाहीतर लायसन्स नाही."

इंग्रजांच्या राज्यात पोलिसांना वाचून दाखवल्याशिवाय नाटक करता येत नसे. मी नंदुरबारला नाटकं बसवायचो. आमच्या नाटकात एक क्रांतिकारक सरकारी खजिना लुटताना पहाऱ्यावरच्या शिपायाला गोळी घालतो. शेवटी शिपायाची विधवा त्याला तुरुंगात भेटते. गोळी बरोबर की चूक, हे आम्ही सांगत नव्हतो. साहेबांना तेच खटकलं.

मी तिथेच वाक्य घातलं, 'मला पश्चात्ताप होतोय.' लायसन्स मिळालं.

रिहर्सलला क्रांतिकारक झालेला दामू म्हणाला, "मास्तर, मी हे म्हणणार नाही. देशासाठी केलं, त्याचा पश्चात्ताप कसला?"

मला वाटलं, विधवेचं काम करणारी सकीनाबाई तरी माझ्या बाजूने बोलेल. तिचा सख्खा भाऊ पोलिसात होता. ती म्हणाली, "ते वाक्य काढा, मास्तर. तो पस्तावा करी ते माले त्याले माफ करनं पडी. मी कसाले करू?"

दोघांची कारणं उलटी, मागणी एकच. मी म्हटलं, "वाक्य राहील. मला तुरुंगात जायचं नाही."

प्रयोग कापसाच्या जिनिंगच्या शेडमध्ये होता. पुढच्या रांगेत फौजदारसाहेब, दाराशी त्यांचे शिपाई. शेवटचा प्रवेश आला. सकीनाबाईने विचारलं, "मन्हा धनीनी तुन्हं काय बिघाडं व्हतं?"

दामू गप्प.

विंगमध्ये आमचा प्रॉम्प्टर विष्णुपंत बसलेला. नट वाक्य विसरला की हळूच सांगायचं, हे त्याचं काम. त्याने सांगितलं. दामू गप्पच. विष्णुपंताला वाटलं, ऐकू गेलं नाही. तो ओरडला, "मला पश्चात्ताप होतोय!"

सगळ्या शेडने ऐकलं. कोणी हसलं नाही. सकीनाबाई दामूकडे बघत राहिली, दामू जमिनीकडे. मी पडदा पाडायला सांगितला. टाळी पडली नाही. लोक बसूनच राहिले.

साहेब आत आले. "वाक्य कोणी म्हटलं?"

"प्रॉम्प्टरने, साहेब. पण म्हटलं."

ते सकीनाबाईकडे वळले. "त्याने स्वतः म्हटलं असतं, तर माफ केलं असतं का?"

"साहेब, तुम्हनी घरवालीले इचारा," ती म्हणाली.

साहेब निघून गेले. त्यांनी कोणाला अटक केली नाही. शहाद्याच्या पुढच्या प्रयोगाचं लायसन्स मात्र दुसऱ्या दिवशी रद्द झालं. कारण दिलं होतं, 'नाटकात निकाल लागत नाही.'

आमच्या नाटकाची एवढी नेमकी समीक्षा नंतर कोणी केली नाही. तेव्हापासून परवानगीच्या वाचनात मी शेवट खणखणीत आवाजात वाचायचो. नटांनी गप्प बसायच्या जागा वाचून दाखवत नसे.