पहिला नग पास

ते पासबुक आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे. कोपरे दुमडलेले, किराणा दुकानाच्या पिशवीत गुंडाळलेले. मोशीच्या बाजूला एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो आणि निवृत्तीला दीड वर्ष उरले होते. खून पाहिले, दरोडे पाहिले. पण कोणी एखादी केस सांगा म्हटले की मी ही सांगतो. ऐकणाऱ्याचा सुरुवातीला जरा हिरमोडच होतो.

सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. ठाणे अंमलदार म्हणाला, एक बाई तासाभरापासून बसून आहेत, साहेबांशीच बोलायचे म्हणतात. पन्नाशीच्या बाई होत्या. घराणे मोशीतले जुने, शेतकरी. शेत इमारतींच्या प्रकल्पाला गेले होते आणि त्याचे पैसे नवरा-बायकोच्या संयुक्त खात्यात होते. दोघांच्या सह्यांशिवाय ते निघत नसत. नवरा चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होता.

“सायेब, आमच्या जमिनीचं पैसं बुडणार हायती.”

“बुडणार आहेत की बुडाले?”

“अजून न्हाई. सोमवारी भरायचं म्हणत्यात मालक.”

भरायचे होते एका ‘सरां’कडे. हे सर दर रविवारी एका हॉलमध्ये कामगारांना गुंतवणुकीचे मोफत मार्गदर्शन करत. अडीअडचणीसाठी सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा, आधी विमा काढा, कर्ज काढून शेअर घेऊ नका, असे सगळे शहाणपणाचे. मी पुढे त्यांच्या वर्गाच्या वह्या वाचल्या, त्यात खोड काढायला जागा नव्हती. वर्ग संपला की मोजक्या लोकांना ते स्वतःच्या योजनेबद्दल सांगत. महिन्याला सहा टक्के.

“तुम्हाला शंका कशावरून आली?” मी विचारले.

“त्ये सर बँकेत इचारू नका म्हणत्यात. चांगल्या कामाला लपवाछपवी कशाला लागती?”

यावर मी काय उत्तर दिले ते लिहायला लाज वाटते. गुन्हा घडलेला नाही, घरच्या भांडणात पोलीस पडत नाहीत, काही झाले तर या, असे मी त्यांना सुनावले. काही झाले तर म्हणजे पैसे गेल्यावर, हे न कळण्याइतका मी नवखा नव्हतो.

“बरं. मंग मी सहीच न्हाई करायची,” म्हणून बाई उठल्या. स्टेशन डायरीत मी त्यांची नोंदही घेतली नाही.

दहा दिवसांनी त्या पुन्हा आल्या. सही न केल्यामुळे नवऱ्याने घरात अबोला धरला होता, जेवणाचा डबा नेणे बंद केले होते. या वेळी त्यांनी पिशवीतून नवऱ्याच्या पगाराचे पासबुक काढले. ते बँकेत जाऊन छापून आणायचे काम त्यांच्याकडेच होते. नवऱ्याने आधी दोन लाख योजनेत भरले होते आणि त्याचे बारा हजार दर महिन्याला खात्यात येत होते.

“पैसं येत्यात, खोटं कशाला बोलू? पण देणारा दर बारीला नवाच. ह्यो बघा. आन हे नाव आमच्या भिशीतल्या बाईच्या मालकाचं हाय. मी तिला इचारलं. ती म्हणली, आमी तर सरांकडं पैसं भरल्यात.”

तिने सांगितलेली तारीख आणि पासबुकातली तारीख तीच, रक्कमही तीच. सर नव्या माणसाला पैसे तुकड्यातुकड्यांनी वेगवेगळ्या खात्यांत भरायला लावत आणि ही योजनेची खाती आहेत म्हणून सांगत. प्रत्यक्षात ती जुन्या सभासदांची खाती होती. नव्याचे पैसे थेट जुन्याच्या खिशात, आणि मोठी रक्कम सरांच्या. एका कंपनीतल्याचे पैसे ते दुसऱ्या कंपनीतल्याकडे वळवत, त्यामुळे कोणाला कोणाचे नाव ओळखू येत नव्हते. बायकांची भिशी मात्र कंपनी बघून चालत नाही.

मी अर्ज लिहून घेतला, आवक क्रमांक टाकला आणि नवऱ्याला बोलावले. सरळ माणूस, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं.

“साहेब, तेवीस वर्षं क्वालिटीत काढली. डोळे झाकून पैसे टाकणाऱ्यातला मी नाही.”

“मग काय तपासलंत?”

“आधी पन्नास हजार भरले. महिन्यानं सगळे काढून घेतले. व्याजासकट आले. मगच दोन लाख टाकले आणि डिपार्टमेंटमधल्या पोरांना सांगितलं, भरा.”

कारखान्यांच्या या पट्ट्यात काम केलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. शिफ्ट सुरू झाली, मशीन लावले, की ऑपरेटर पहिला नग घेऊन इन्स्पेक्टरकडे येतो. तो गेज लावून माप तपासतो, सही करतो, मग बाकीचा सगळा लॉट सुटतो. या गृहस्थाची सही म्हणजे कारखान्यात शेवटचा शब्द. त्याच्या शब्दावर चौतीस जणांनी पैसे भरले होते.

“त्या सरांची सरकारी नोंदणी पाहिली होती?”

त्याने नकारार्थी मान हलवली. मग म्हणाला, “नोंदणी पाहिल्याशिवाय कुणाला पैसे देऊ नका, हे त्यांनीच तर वर्गात शिकवलं. मग त्यांचीच कशी मागायची?”

मी पासबुकातल्या नावांवर बोट ठेवत गेलो. चौथ्या नावाला त्याने खिशातले पेन काढले, पुन्हा ठेवले आणि पाणी मागितले.

गुन्हा दाखल झाला, खाती गोठवली. सरांना ताथवड्यातल्या भाड्याच्या फ्लॅटमधून ताब्यात घेतले. दोन दिवस त्यांनी दाद दिली नाही. आवाज चढवला नाही, रडले नाहीत, वकिलाचा धाकही दाखवला नाही. मी कोणाला भरा म्हटले नाही, एवढेच पालुपद. तिसऱ्या दिवशी मी विषय बदलला आणि आधी कुठे नोकरी केली ते विचारले. उत्तर आले, चाकणलाच, एका मशीन शॉपमध्ये सुपरवायझर.

“पहिल्या महिन्यात पैसे परत मागणाऱ्याला तुम्ही कधीच का अडवलं नाही?”

ते पहिल्यांदा हसले. “उलट मीच सांगायचो साहेब, थोडे भरा, काढून बघा. इथल्या माणसाचा एक नग पास झाला की पुढचं तो स्वतःच करतो.”

स्वतःच्या हुशारीचे कौतुक करायला माणसाला कोणीतरी लागतेच. त्यानंतर कोणाचे पैसे कोणाकडे वळवले, त्याची यादी त्यांनी आपणहून मोबाइलमध्ये उघडून दाखवली. तपास तिथे सुटला.

मशीनला आपला पहिला नग तपासला जाणार आहे हे माहीत नसते, माणसाला माहीत असते. एवढी साधी गोष्ट मला नोकरी संपता संपता कळली. म्हणून आता ओळखीच्या कोणी एखाद्या योजनेबद्दल सल्ला विचारला, तर पैसे परत आले का, हे मी विचारत नाही. कोणाकडून आले, ते विचारतो.

जमिनीचे पैसे वाचले, ते पोलिसांमुळे नव्हे, एका न केलेल्या सहीमुळे. पण बाई पहिल्यांदा ठाण्यात आल्या आणि दुसऱ्यांदा आल्या, त्या दहा दिवसांत आणखी सहा जणांनी पैसे भरले होते. त्यातले थोडे जप्त झाले, बाकीचे गेले. ते सहा जण माझ्या नावावर आहेत, हे मी अजून विसरलेलो नाही.

दोषारोपपत्र गेल्यानंतर एक दिवस दोघे नवरा-बायको ठाण्यात आले.

“सायेब, आमच्या पासबुकात आल्यालं पैसं दुसऱ्यांचं हाय. ते कोर्टात कुठं भरायचं?”

“ताई, तुमचेही दोन लाख गेलेत. कोर्टाचा आदेश होईपर्यंत तुमच्याकडं कोणी मागणार नाही.”

“मागाय कशाला पायजे? नावं छापल्याली हायती की.” मग म्हणाल्या, “भिशीला तिच्या शेजारी बसती मी. तिच्या तोंडाकडं बघवत न्हाई.”

त्यांनी संयुक्त खात्याचा चेक टेबलावर ठेवला. आधी अडवून धरलेली सही त्यांनी माझ्यासमोर केली, पूर्ण नावाची, सावकाश. नवऱ्याने लगेच सही केली नाही. त्याने पासबुक उघडले, पेन काढले आणि चेकवरची बेरीज ताडत तो प्रत्येक जमा रकमेपुढे खूण करत निघाला. पहिली नोंद जुळली तरी तो थांबला नाही. चहा आला, निवला, तरी त्याचे चालूच होते. शेवटची ओळ तपासून झाल्यावर त्याने बायकोकडे एकदा पाहिले आणि मग सही केली.