घमेल्याबाहेर

मला मांजर नको होतं, हे आधीच सांगून टाकते. आवडत नाही म्हणून नव्हे, जागा नव्हती म्हणून. खांदा कॉलनीतलं आमचं तळमजल्यावरचं घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. मी घरीच शिवणकाम करायची. मशीन, फॉल-पिकोला आलेल्या साड्या आणि गिऱ्हाइकांचे ब्लाउजपीस यांनी एक अख्खी भिंत अडवलेली. ही नव्वद-एक्क्याण्णव सालची गोष्ट. सासूबाई गेल्या, आणि सासरे उरणकडच्या गावात एकटे पडले. जन्म मिठागरात राबण्यात गेलेला. स्वतःसाठी चहासुद्धा कधी केलेला नाही. नवरा त्यांना घेऊन आला तेव्हा त्यांच्याबरोबर एक पत्र्याची ट्रंक होती आणि वर फडकं बांधलेली एक टोपली. टोपलीतून पिवळा बोका बाहेर पडला आणि सरळ माझ्या मशीनखाली जाऊन बसला.

"तुझ्या सासूचा हाय तो," सासरे म्हणाले.

झालं. नुकत्याच गेलेल्या बाईची आठवण म्हणून आलेल्या जिवाला कोण नको म्हणणार?

गावाला त्याला रान मोकळं होतं. इथे दारात कुत्री. शेजारच्या बिल्डिंगचं काम चालू होतं, तिथून मी घमेलंभर वाळू आणली आणि मोरीपाशी ठेवली. बोका आला, वास घेतला, घमेल्यात चढला, चारही पाय वाळूत रोवले, तोंड एकदम गंभीर केलं, बूड काठाबाहेर काढलं आणि धार सोडली. वाळू कोरडी ठणठणीत, आणि फरशीवरून ओहोळ माझ्या पिठाच्या डब्यापर्यंत. काम झाल्यावर त्यानं ती कोरडी वाळू मन लावून उकरली आणि साहेब निघून गेले.

मोठं घमेलं आणलं. त्याच्याही बाहेर. खाली गोणपाट घातलं, तर गोणपाट चुकवून पायपुसण्यावर. मग पेपरच्या गठ्ठ्यावर. मग एका बाईच्या लग्नाच्या शालूवर करायच्या बेतात होता, तेव्हा मी मोजपट्टी फेकून मारली. ती त्याला लागली नाही, आरशाला लागली.

सल्ल्यांना तोटा नव्हता. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी संत्र्याच्या साली पसरायला सांगितल्या. त्या सुकून कडक झाल्या आणि माझ्याच पायाला टोचल्या. डांबराच्या गोळ्या ठेवल्या, तर बोका त्यांच्याशी गोट्या खेळला. करंजाला दिलेली नणंद म्हणाली, "वहिनी, त्याला शहरातली वाळू पटत नसेल, मी आपल्या बंदराची आणते." आणली. पण आणली ती मासळी सुकवतात तिथून उकरून. बोक्यानं ती चाटली, तिच्यावर लोळला, अंगाचं वेटोळं करून तिथेच झोपला. जिथे बोंबलाचा वास येतो तिथे घाण करायची नाही एवढी रीत त्याच्याकडे होती. म्हणजे जे घमेल्याच्या काठावर तरी व्हायचं तेही बंद झालं.

सगळ्या घराला वास. गिऱ्हाईक बाई दारातच नाकाला पदर लावायची, आणि मी आपली उदबत्ती पेटवून, काही घडलंच नाही अशा चेहऱ्यानं तिच्या दंडाचं माप घ्यायची.

एवढ्यावर भागलं असतं तर निभावून नेलं असतं. पण थंडीच्या तोंडावर त्यानं सासऱ्यांची गादी धरली. सासरे खोलीत खाटेवर झोपत आणि बोका त्यांच्या पायाशी. एके सकाळी गादी ओली. सासरे उठून खुर्चीवर बसलेले, नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे.

"बोक्यान केलं," ते म्हणाले.

दोन-चार दिवसांनी पुन्हा. मग सारखंच. कापसाची ओली गादी एकटीनं उचलून अंगणात नेणं काय असतं ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. निम्मी उचलली की निम्मी लोळते, आणि पाठीत कळ येते. मी ती तारेच्या कुंपणावर टाकायची आणि बोक्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. मेल्या, मुडद्या, गावाला मिठाच्या आगरात मुतायचास तेव्हा बरा होतास, इथे कापूस लागतो का तुला! कॉलनीतल्या सगळ्यांना आमच्या गादीची हालहवाल रोज कळत होती. सासरे आत बसून ऐकत. मला वाटे, बायकोच्या मांजराला बोलते म्हणून त्यांना लागत असेल. वाटे, पण तोंड काही थांबत नव्हतं.

शेवटी नवऱ्याचं डोकं फिरलं. "गादी दर आठवड्याला पिंजून घ्यायची का? रविवारी ह्याला नेऊन सोडतो." मग माझ्याकडे वळून हळूच, "बाबा काय म्हणतील?"

मला तीच धास्ती होती. सासरे मानी. बोका गेला तर तेही ट्रंक उचलतील, आणि त्या बंद घरात एकटे मरून जातील, असं मला खरोखर वाटत होतं. म्हणून मी त्यांच्यासमोरच विषय काढला. म्हटलं, "मामा, तुमची मर्जी नसेल तर नाही सोडत. भोगू आम्ही."

सासऱ्यांनी पायाशी बसलेल्या बोक्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "तुमी म्हंता तर सोडा."

इतक्या सहज? मला आश्चर्य वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, सुटल्यासारखंही झालं.

मांजर सोडायची आपल्याकडे रीत आहे. पोत्यात घालायचं, वाटेत पोतं गरगर फिरवायचं म्हणजे त्याला दिशा कळत नाही, आणि पाणी ओलांडून पलीकडे सोडायचं. नवऱ्यानं रविवारी हे सगळं यथासांग केलं. पोतं स्कूटरला बांधलं, पळस्प्यापर्यंत नेलं आणि फाट्यावरच्या हॉटेलांच्या मागे तोंड सोडलं. परत आला तो हातावर ओरखडे घेऊन, पण मोहीम फत्ते केल्याच्या तोऱ्यात. मी घर फिनेलनं धुऊन काढलं. सासरे त्या दिवशी जेवले नाहीत. पोटात बरं नाही म्हणाले.

सोमवारी सकाळी गादी ओली.

मी चहाचा कप घेऊन उभीच राहिले. सासरे खुर्चीवर, नजर कॅलेंडरवर.

"रातचा आलता बोका," ते म्हणाले. "खिरकीतशी आला. मंग गेला."

मी खिडकीकडे पाहिलं. डासांसाठी ठोकलेली तारेची जाळी, एकही खिळा ढळलेला नाही. मोरीत त्यांची लुंगी धुऊन, पिळून, नीट घडी करून ठेवलेली. आणि वास? बोक्याचा वास नाकातून मेंदूत जातो, डोळ्यांत पाणी आणतो. हा तसा नव्हता. गादीचा वास तसा कधीच नव्हता.

गादी बोका ओली करतच नव्हता. ती सासऱ्यांच्या हातून ओली होत होती, पहिल्या दिवसापासून. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात. इथे तर चोरही कोणी नव्हता. एक म्हातारा माणूस होता, ज्याला सुनेच्या घरात हे सांगायला तोंड नव्हतं.

मला पहिल्यांदा रागच आला. नवऱ्याचा आला, बाप कोणाचा म्हणून. माझ्या नाकाचा आला. बोक्याचा तर सगळ्यात जास्त आला. मेल्यानं आपली इतकी बदनामी करून ठेवली होती की दुसऱ्या कोणाचा संशय यायला जागाच उरली नव्हती. आणि मग कुंपणावर टाकलेली गादी आठवली. अंगणात उभी राहून मी इतके दिवस कोणाला शिव्या घालत होते, आणि त्या कोण ऐकत होतं!

तेवढ्यात नवरा दात घासत आला. "बोका? पळस्प्याहून? बाबा, काहीतरीच काय, मी स्वतः..."

"आला होता," मी म्हटलं. "मी पाहिला."

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी डोळे वटारले. लग्नाला बरीच वर्षं झाली की तेवढ्यावर भागतं. तो तोंड धुवायला निघून गेला.

मग बाहेर, स्कूटरपाशी, मी त्याला सगळं सांगितलं. तो स्कूटरचं हँडल पुसत राहिला, पुसलेलंच पुन्हा. म्हटलं, "आता रडत बसू नका. डॉक्टरांना गाठा, खोकल्याचं निमित्त करून बाबांना दाखवा, आणि मेणकापड आणा. पण त्याआधी तो बोका आणा. बोका नसेल तर मेणकापड कोणाच्या नावावर घालू?"

ज्याला घालवायला जिवाचं रान केलं त्यालाच शोधायला आम्ही दोघं कामधंदा सोडून पळस्प्याला गेलो. हॉटेलांच्या मागे कांद्याच्या सालींतून, टायरांच्या ढिगांतून मी "ये रे, ये रे" करत फिरत होते, आणि ट्रकवाले हसत होते. बोका एका खानावळीच्या मागच्या पायरीवर सापडला. माशाचं डोकं खात होता, चांगला सुखात होता. त्याला यायचं नव्हतं. पोत्यात घालेपर्यंत त्यानं माझं मनगट सोलून काढलं, आणि घरी पोतं सोडल्यावर पहिलं काम काय केलं, तर पायपुसण्यावर मुतला.

"आला का?" सासरे खाटेवरून उठले. त्यांनी त्याला दोन्ही हातांनी उचलला आणि पाठ फिरवून उभे राहिले.

संध्याकाळी मी खाटेवर मेणकापड घातलं, वर चादर. "ह्या बोक्याचा नेम नाही मामा, गादी तरी वाचेल." ते हो म्हणाले. डॉक्टरांच्या गोळ्याही सुरू झाल्या, खोकल्याच्या म्हणून.

गुण यायला वेळ लागणार होता. मधल्या एका सकाळी चादर पुन्हा भिजली. गप्प बसावं तर त्यांना कळेल की मला कळलंय. म्हणून मी कमरेवर हात ठेवून उभी राहिले आणि नेहमीच्या पट्टीत सुरू केलं. मेल्या, मुडद्या, तुला खायला घालते ते ह्यासाठी का! बोका खाटेखाली अंग चाटत होता.

सासऱ्यांनी हात वर केला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

"नको वरडू गो बाय त्याला," ते म्हणाले. "म्हातारा झाला हाय तो. कवा व्हतं त्याला समजत नाय. त्याला बी लाज वाटतं."

माझ्या हातात चादरीचं टोक होतं. ते तसंच धरून मी म्हटलं, "बरं मामा. त्याला सांगा, मी रागावलेली नाही. उगाच ओरडते, तोंडाची सवय आहे."

त्यांनी वाकून बोक्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "सांगतो," म्हणाले.