नॅटला शिडी लागत नाही

माझ्या हातून आजवर बरीच विमानं पडली, पण त्यांतलं एकही हवेत नव्हतं. एक टीपॉयवरून पडलं, एक शोकेसमधून, आणि एकावर मी स्वतः बसलो. प्लास्टिकचे सुटे भाग चिकटवून युद्धविमानं जोडण्याचा हा नाद मला बत्तिसाव्या वर्षी लागला. म्हणजे नव्वदीच्या मध्यात, नेरूळला आम्ही वन रूम किचनमध्ये राहायला आलो तेव्हा. सोसायटीतले बाकीचे पुरुष त्या काळात घराला ग्रिल लावून घेत होते. मी पंख लावत होतो.

दर रविवारी सकाळी ऑफिसातला एक मित्र खांदेश्वरहून यायचा. त्याचा मेहुणा बोटीवर होता आणि परदेशातून किटचे कॅटलॉग आणायचा. किट क्वचितच, कॅटलॉग मात्र नेमाने. आम्ही दोघं पोह्यांची ताटली मांडीवर घेऊन ते कॅटलॉग लग्नाच्या अल्बमसारखे बघायचो आणि दर वेळी त्याच पानावर चिडायचो. ते पान होतं मोठ्या मापाच्या किटचं, म्हणजे खऱ्या विमानाच्या चोविसाव्या हिश्शाच्या. त्या मापात वर्षानुवर्षं तीच चार-पाच विमानं, दुसऱ्या महायुद्धातली, इंग्रजांची नाहीतर जर्मनांची. यंदा रंग हिरवा, पुढच्या वर्षी करडा. जशी काही त्यानंतर जगात विमानं उडलीच नाहीत.

"मारुत हवं," मित्र म्हणायचा. "आपलं स्वतःचं जेट आहे अरे. मोठ्या मापात कोणी केलंय? कोणी नाही."

मी कॅनबेरा बॉम्बरच्या बाजूने होतो. कारण विचारलं तर मी इतिहास सांगायचो. खरं कारण एवढंच की लहानपणी एक कॅनबेरा आमच्या छपरावरून इतकं खालून गेलं होतं की वाळत घातलेल्या माझ्या चड्डीसकट मी पळालो होतो.

"चोविसाव्या हिश्शात त्याचे पंख किती होतील?" बायकोने आतून विचारलं.

मी मनात भागाकार केला. "पावणेतीन फूट. फार नाही."

"मग तेवढ्यात टीव्ही गॅलरीत ठेवून या. आणि जमलं तर मलाही."

अशाच एका रविवारी तळमजल्यावरचे काका पेपर परत द्यायला वर आले. मूळचे साताऱ्याकडचे. हवाई दलात उभी हयात विमानांची देखभाल करून निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, कॅटलॉग पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाहिला, पुन्हा उलटा पाहिला आणि म्हणाले, "नॅट न्हाई यात? पासष्टच्या लढाईतलं आपलं नॅट?"

"छोट्या मापात येतं काका. हाताच्या पंज्याएवढं."

"मग काय कळणार त्यात? अहो, मोठ्या मापात करायचं तर नॅटच करावं. विमानच एवढंसं. तुमच्या घरात मावंल, वहिनींना गॅलरीत जायला नको." मग जरा थांबून म्हणाले, "आमी जमिनीवर उभं राहून सगळं काम करायचो त्याचं. शिडी लागायची न्हाई. हे कुणाला सांगितलं तर पटत न्हाई."

कुणाला म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाला. थोरले गावाकडे गणिताचे मास्तर होते, आता निवृत्त. शिडीशिवाय विमान दुरुस्त होतं यावर त्यांचा कधीच विश्वास बसला नव्हता. सायकलला लागत नाही, विमानाला लागलीच पाहिजे, असं त्यांचं साधं त्रैराशिक. त्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला होता की धाकट्याला विमानाच्या वरच्या भागाजवळ कोणी फिरकूच दिलं नसणार. गावात ते सांगायचे, "आमचा धाकटा चाकात हवा भरायला होता." काका हे सांगताना हसले. पण पेपर द्यायला आलेले काका पेपर परत घेऊनच खाली गेले, तेव्हा मला कळलं की ते हसू काही खरं नव्हतं.

तीन आठवड्यांनी काकांची साठी होती. शांत, जेवण, सगळं घरच्या घरी. मास्तर येणार होते. मी जिना उतरून गेलो आणि छाती काढून सांगितलं, "काका, साठीला तुमचं नॅट तुमच्या टेबलावर. चोविसावा हिस्सा. आणि शेजारी त्याच मापाचा माणूस उभा करतो. बघू दे मास्तरांना, शिडी लागते का ते."

काका आत वळले. काकूंना म्हणाले, "चहा टाक. आलं घालून."

आता किट नाही म्हटल्यावर सगळं हातानेच करायचं. माझ्याकडे मासिकातलं नॅटचं एक चित्र होतं, बाजूने काढलेलं, अठ्ठेचाळिसाव्या हिश्शाचं. म्हणजे ते बरोबर दुप्पट केलं की काम झालं. मी वाशीला झेरॉक्सवाल्याकडे गेलो.

"डबल करून द्या."

"ए-फोरचा ए-थ्री?"

"ए-थ्री म्हणजे डबल ना?"

"डबलच की साहेब. दोन ए-फोर ठेवा, एक ए-थ्री."

मी घरी येऊन फूटपट्टीने मोजलं नाही. ज्या माणसाचा त्रैराशिकाशी काडीमोड झालाय त्याने मोजायला हवं होतं. पण कागद दुप्पट दिसत होता आणि माझा डोळ्यांवर विश्वास होता. वाशीच्या फळबाजारातून सफरचंदाच्या पेट्यांच्या फळ्या आणल्या, त्या एकावर एक चिकटवल्या आणि त्या चित्राबरहुकूम विमानाचं अंग तासलं. आठवडाभर आमच्या घराला सिमल्याचा वास होता.

पंखांचं चित्र नव्हतं. ते मी पुस्तकातली फूट-इंचांची मापं घेऊन, चोविसाने भागून, स्वतः आखले. त्यासाठी पांढरं, सपाट, जाड प्लास्टिक हवं होतं. ते घरात एकाच ठिकाणी होतं, बाथरूममधल्या कपाटाच्या दाराला. बायकोला ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं, कारण टूथपेस्ट उघडीच भेटली. त्या दिवशी डब्यात मला फक्त पोळ्या होत्या.

अंगाला रंग वेगळा दिला, पंखांना वेगळा. माणूस दुसऱ्या एका किटमधला उसना घेतला, तो चोख चोविसाव्या हिश्शाचा. आणि साठीच्या आदल्या संध्याकाळी, मित्राच्या साक्षीने, पंख अंगाला लावले.

दोघंही दोन पावलं मागे सरलो.

"अरे," मित्र म्हणाला, "हे उडेल असं वाटतंय. म्हणजे खरंच उडेल. घारीसारखं."

पंखांचा पसारा विमानाच्या लांबीपेक्षा जास्त होता. मित्राने फूटपट्टी लावली. पंख बरोबर होते. अंग, जे छत्तीस सेंटिमीटर हवं, ते साडेपंचवीसच्या आसपास. नवं करायला वेळ नव्हता. मी ठरवलं की टेबल भिंतीला लावायचं, विमान तिरकं ठेवायचं, एक पंख हारामागे जाईल. सोयरीक जमवताना मुलाचे फोटो काढतात तसं.

दुसऱ्या दिवशी शांत आटोपली. जेवणाआधी मास्तर टेबलापाशी आले, हात मागे बांधून, पेपर तपासायला आल्यासारखे. मी उभा केलेला माणूस विमानाशेजारी ऐटीत उभा होता. विमान त्याच्या कमरेपर्यंत येत होतं.

"हे?" मास्तर म्हणाले. "यात माणूस बसतो? बसला तर पाय भोकं पाडून खाली काढील. धाकट्या, हे वैमानिक उडवायचे का पायांनी पळवायचे?"

पाहुणे खो खो हसले. काका हसले नाहीत. त्यांनी विमान उचललं, हारातून सोडवलं, नाकापासून शेपटीपर्यंत अंगठा फिरवला, मग पंखांवर वीत टाकली. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ऐन साठीत कामावर हजर झाल्यासारखे दिसत होते.

"साहेब," मला म्हणाले, "बॉडी आणि पंख एका विमानाचे न्हाईत."

मग मी सगळं सांगितलं. झेरॉक्स, ए-फोर, ए-थ्री, डबल. मास्तरांचा चेहरा उजळत गेला. चाळीस वर्षं ते ज्या विद्यार्थ्याच्या शोधात होते तो अखेर त्यांना सापडला होता.

"कागद दुप्पट झाला म्हणजे लांबी दुप्पट झाली का रे? दोन्ही बाजू दुप्पट केल्या तर चादर चौपट होते. लांबी किती होते मग?"

"अं... दीडपट?"

"एक पूर्णांक चार दशांश पट. कान पकड."

मी पकडला. बायको मागून म्हणाली, "दुसरापण." सगळे आता मला हसत होते आणि मला, खरं सांगतो, बरं वाटत होतं.

पण मास्तर हसता हसता म्हणाले, "चला. म्हणजे विमान बघायचं राहिलंच." आणि पाटाकडे वळले.

काकांनी विमान टेबलावर ठेवलं. "दादा, जेवण थांबू द्या. बाहेर चला. अगं, रांगोळीचा डबा दे."

काकूंनी पाटाभोवती घालायला काढलेला डबा दिला. काका अंगणात गेले, वॉचमनला चार स्कूटर हलवायला लावल्या आणि पावलं मोजायला लागले. लांबी तीस फुटांना जरा कमी, पंख बावीस फूट. मित्राने सुतळी धरली, माझ्या बायकोने आणि काकूंनी रेघ ओढली. मला मोजायचं काम कोणी दिलं नाही, मला पंखाच्या टोकाला खुंटी म्हणून उभं केलं. बघता बघता सोसायटीच्या अंगणात पांढऱ्या रेघेचं अख्खं नॅट पडलं होतं. किट कंपनीवाल्यांनी कुठल्या मापाचं काढावं यावर आम्ही वर्षभर डोकं फोडलं होतं, आणि खऱ्याएवढं हे माप कोणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

काका त्या रेघेच्या कडेने चालायला लागले. मास्तरांच्या छातीपाशी आडवा हात धरून म्हणाले, "दादा, इथं त्याची पाठ. हे झाकण इथं उघडायचं." हवेतलं झाकण त्यांनी उघडलं, आत डोकावले, काहीतरी पिळलं, बंद केलं. चार पावलं पुढे. "ही नळी. हिनं लई रडवलं आमाला." आणखी चार पावलं. नाकापासून शेपटीपर्यंत गेले, आणि कुठेही टाचा उचलल्या नाहीत. मास्तर मागून चालत होते. त्यांचे हात आता मागे बांधलेले नव्हते. शेपटीशी आल्यावर ते परत फिरले आणि पुन्हा नाकापासून सगळं पाहत आले.

मग रेघेबाहेर त्यांनी चपला काढल्या, धोतर सावरलं, आत पाऊल टाकलं आणि वैमानिकाच्या जागी मांडी घालून बसले.

"हं. सुरू कुठून होतं?"

काका गुडघे टेकून शेजारी बसले आणि सांगायला लागले. घरातून दोनदा जेवायला हाक आली. दुसऱ्यांदा मास्तरांनी मान वर न करता हात हलवला.

"वाढू नका अजून," म्हणाले. "याचं सांगून व्हायचंय."