सोल्वीचा हिरवा बावटा

सोल्वी कुणाला ओरडून थांबवत नसे. ती नुसता तळहात दाखवायची. एकतीस वर्षं तिनं फेरीबोटीवर गाड्या आत घेण्याचं काम केलं, आणि त्या तळहातापुढे न थांबलेली गाडी आमच्या हेस्टविक गावात कुणी पाहिली नाही. दुकानात कुणी रांग मोडायला लागलं तरी तिचा हात आपोआप वर जायचा आणि माणूस मुकाट्यानं मागे सरायचा. ती निवृत्त झाल्यावर बंदर कार्यालयानं तिला वर्षातल्या एका संध्याकाळचं काम दिलं, ते या हातामुळेच.

जून सरत आला की सांक्तहान्सच्या, म्हणजे भर उन्हाळ्यातल्या सणाच्या, संध्याकाळी आम्ही खाडीच्या तोंडाशी असलेल्या खडकावर होळी पेटवतो. मालाच्या लाकडी पॅलेट एकावर एक ठोकून मनोरा उभा करतात आणि शेंड्यावर डांबर भरलेलं एक जुनं मासळीचं पिंप ठेवतात. तो खालून पेटवायचा नसतो. एकजण शिडीनं वर चढतं, पिंपाला कोलीत लावतं आणि आग खाली पोचायच्या आत उतरून येतं. हे बघायला साठ-सत्तर होड्या जमतात. खडकाजवळच्या पाण्यात संध्याकाळी सहा ते दहा कुणी शिरायचं नाही, असा कागद धक्क्यावर लागतो. पण कागदावरची रेघ पाण्यावर कुणाला दिसणार? म्हणून सोल्वी पाण्यावर तरंगणाऱ्या नारिंगी गोळ्यांचं रिंगण टाकायची, मनोऱ्याच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर. एकूण एक होडी रिंगणाबाहेर आहे अशी खात्री झाली की ती हिरवा बावटा वर करायची. तो वर गेल्याशिवाय कोलीत पेटत नाही, हा आमच्याकडचा रिवाज.

सात वर्षांपूर्वी तिनं बावटा वर केलाच नव्हता. वारा पाण्याकडे वाहतोय म्हणाली. सगळं गाव तासभर ताटकळलं. मग वारा पडला आणि पाऊस आला. भिजलेली होळी दुसऱ्या दिवशी आठ माणसांनी कशीबशी धुमसवली. तेव्हापासून दुकानात, टपालात, चर्चच्या पायऱ्यांवर, कुठंही ती दिसली की कुणीतरी विचारायचंच, "काय ग सोल्वी, आज वारा आहे का?" ती हसायची. पण घरी आल्यावर तिची भांडी जरा जास्त वाजायची. मी शेजारीण, मला भिंतीतून ऐकू यायचं.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी तिच्या नेहमीच्या जोडीदारणीचं मनगट मोडलं होतं. "आगोत, तू चल," सोल्वी मला म्हणाली. "फक्त वॉकीटॉकी धरायची आणि मी सांगेन ते बोलायचं."

"मला पोहायलासुद्धा धड येत नाही ग."

"पाण्यात उतरायचं नाहीये. बोलायचंय. ते तर येतं ना तुला?"

मी सकाळपासून चर्चच्या स्वयंपाकघरात आंबट सायीची खीर ढवळत होते. हात भरून आले होते, तरी गेले.

संध्याकाळी साडेसातला आम्ही दोघी सोल्वीच्या होडीतून रिंगणाच्या आत फेरी मारत होतो. ऊन अजून लख्ख होतं. होड्या गोळ्यांना अगदी चिकटून उभ्या होत्या. कुणीतरी अकॉर्डियन वाजवत होतं. सगळ्यांत पुढे, बरोबर मधल्या गोळ्याशी, सोल्वीचा नवरा एल्डार होता. चाळीस वर्षांत ती जागा त्यानं कुणाला घेऊ दिली नव्हती. त्याची होडी लाकडी, बापाच्या वेळची. तिचं इंजिन चालू करायचं तर आधी त्याचं लोखंडी डोकं स्टोव्हच्या ज्योतीनं तापवावं लागतं, दहा-बारा मिनिटं. मग ते डुगडुग करत जागं होतं. त्याच्या दोन्ही बाजूंना चार-चार होड्या दोरांनी एकमेकींना बांधलेल्या होत्या. म्हणजे खिरीचं भांडं या टोकापासून त्या टोकापर्यंत हातोहात जातं. आमच्याकडे असंच बसतात.

सोल्वीनं इंजिन मंद केलं आणि ती वर बघत राहिली.

"आगोत, चर्चचा कोंबडा दिसतो का तुला?"

चर्चच्या मनोऱ्यावर वारा दाखवणारा पत्र्याचा कोंबडा आहे. तो दिसत नव्हता. होळीच्या शेंड्यानं झाकला होता.

"मंगळवारी इथूनच मोजलं मी," ती म्हणाली. "शेंडा कोंबड्याच्या पायाखाली होता. चोवीस मीटर." तिचा आवाज एकदम बारीक झाला. "आणि वर एकच पिंप होतं."

मी मोजायला गेले. पिंपांच्या रांगाच्या रांगा होत्या, उतरंडीसारख्या. मारित वर चढत होती. आमच्या दवाखान्यातली परिचारिका, त्या वर्षी पेटवायचा मान तिचा होता. ती निम्म्याच्या वर पोचली होती.

"स्टाइनारला बोलाव."

स्टाइनार सुतार, होळी बांधणाऱ्यांचा म्होरक्या. मी बटण दाबलं. सोल्वीनं वॉकीटॉकी माझ्या हातातून घेतलीच.

"स्टाइनार, वर काय चढवलंयस?"

"काही नाही ग. सकाळी तुम्ही सगळे प्रार्थनेला होतात ना, तेव्हा जरा चार पिंपं..."

"चार?"

"एकोणीस."

"एकोणीस!"

"अग, समोरच्या लाउनेसवाल्यांनी यंदा अठ्ठावीस मीटर केलाय. गेल्या वर्षी एका मीटरनं नाक कापलं त्यांनी आपलं. आता आपण एकतीस! तुला सांगणारच होतो, पण म्हटलं, तू लगेच उतरवायला लावशील."

"लावलंच असतं."

"तेच तर!"

त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं, हे मलाही कळत होतं. समोरच्या गावाला हरवायचं म्हटलं की आमची शहाणीसुरती माणसं अशीच पोरकट होतात. पण सोल्वीचा चेहरा पांढरा पडला होता. ती मला म्हणाली, की स्वतःलाच म्हणाली कोण जाणे, "लाकूड पडतं तिथं पडतं. पिंप घरंगळतं. खडकावर आपटून उसळी घेतं. आणि ओहोटी लागलीय."

ओहोटीचं पाणी खडकापासून बाहेर ओढतं. बाहेर म्हणजे होड्यांकडे. एवढं मलाही कळलं.

"स्टाइनार, मारितला खाली उतरव. रिंगण मागे घ्यायचंय."

"आता? आठ वाजताहेत, सोल्वी. लोक बघताहेत. ती वर पोचली. वारा तर जमिनीकडे आहे!"

मारितचाही आवाज आला, तिच्याकडेही वॉकीटॉकी होती. "मी नाही उतरत. परत चढायचं त्राण नाही माझ्यात. तुम्ही काय ते लवकर करा, हे वरचं डुलतंय."

म्हणजे थांबावं तर ती वर डुलतेय, आणि न थांबावं तर होड्या. सोल्वीनं एकदा मारितकडे पाहिलं, एकदा होड्यांकडे.

"मी परत तेच करतेय का ग, आगोत? त्या वर्षीसारखं?"

"मला मोजता येत नाही," मी म्हटलं. "तुला येतं."

तिनं टोपी काढली, एक श्वासभर डोळे मिटले, टोपी परत घातली. दरवर्षी रिंगण टाकण्याआधी ती एवढंच करते. देवाचं नाव तिच्या तोंडून मी कधी ऐकलेलं नाही. चर्चमध्येही ती शेवटच्या बाकावर बसते. मग तिनं हिरवा बावटा उचलला आणि स्वतःच्या बुडाखाली ठेवून त्यावर बसली.

होडी रिंगणाच्या कडेनं पळायला लागली. सोल्वी गुडघ्यानं सुकाणू दाबून उभी राहायची आणि दोन्ही तळहात पुढे ढकलायची, मागे, मागे. मी घसा फुटेस्तोवर ओरडत होते, "साठ हात मागे! सगळे साठ हात मागे!" बहुतेक जण कुरकुरत का होईना, सरकले. पांढऱ्या होडीतला ओलाव मात्र हसला.

"काय ग सोल्वी, आज वारा आहे का?"

आसपासच्या चार होड्या हसल्या. सोल्वीनं त्याच्याकडे पाहिलंच नाही. नुसता तळहात दाखवला. हसत हसतच त्यानं इंजिन उलटं फिरवलं.

राहिली ती मधली रांग. एल्डारनं आम्हाला येताना पाहिलं आणि खिरीची वाटी उंच केली. त्याला वाटलं, बायको हात करतेय. गर्दीचा गलका नको म्हणून तो होडीत कानातलं यंत्र काढून खिशात ठेवतो. सोल्वीनं तळहात ढकलले. त्यानंही ढकलले, खुशीत. मला रडू येईल असं वाटलं.

आम्ही त्याच्या होडीला टेकलो. सोल्वी त्याच्या कानाशी वाकली. "एल्डार! मागे व्हायचंय! इंजिन तापव!"

"आत्ता? बारा मिनिटं लागतील."

"मग मी ओढते. नांगर उचल."

"मला ओढणार?" चाळीस वर्षांत त्याच्या होडीला कुणी दोर लावला नव्हता. "सगळ्या गावासमोर? अग, रिंगणाबाहेर आहे मी! तूच टाकलेलं आहे ना हे?"

"चुकीचं टाकलंय."

"काय?"

"चुकीचं टाकलंय मी!" हे ती इतक्या मोठ्यानं ओरडली की नऊही होड्यांतलं बोलणं थांबलं. "आज परत मोजायला हवं होतं. नाही मोजलं. आता दोर घे."

एल्डारनं तिच्याकडे बघितलं. मग वाटी खाली ठेवली आणि नांगर ओढायला लागला. त्या बांधलेल्या होड्या सुटेनात. गाठी ओल्या होऊन घट्ट बसल्या होत्या, मध्ये खिरीचं भांडं, मांडीवर बाळं. शेवटी सोल्वीनं बांधलेलीच ठेवली आणि अख्खी रांग एका दोरानं ओढायला लागली. आमच्या होडीचं नाक वर उठलं. मला फक्त "प्रभू, दोर तुटू देऊ नकोस" एवढंच सुचत होतं. वॉकीटॉकीवर मारित विचारत होती, "झालं का? झालं का?" आणि दर वेळी तिचा आवाज थोडा लहान होत होता. खडकावरून लोक ताल धरून टाळ्या पिटत होते. ते कौतुक नव्हतं.

आठ चाळीसला सोल्वीनं शेवटचा गोळाही उचलून मागे, नव्या जागी सोडला. तिनं रिंगणाकडे एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून पाहिलं. मग उठली आणि बुडाखालचा बावटा काढून वर धरला.

मारितनं पिंपाला कोलीत लावलं आणि ती भराभर उतरायला लागली. तिचा पाय खडकाला लागला तेव्हा शेंडा धडाडून पेटला होता. लोकांनी जल्लोष केला, अकॉर्डियन परत सुरू झालं. दहा मिनिटं काहीच झालं नाही. आग नुसती सुंदर दिसत होती. ओलाव लांबून ओरडला, "सोल्वी, इथून मला दुर्बीण लागेल ग!" ती शेंड्यावरून नजर हलवेना. तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

मग पिंपांची खालची रांग खचली. दोन जमिनीकडे गेली. बाकीची सगळी पाण्याकडे आली, पेटलेली. खडकावर आपटून उसळली आणि एकामागून एक पाण्यात पडली. बुडाली नाहीत. डांबर पाण्यावर पसरून पेटलं, आणि ओहोटीनं ती पिंपं शिस्तीत बाहेर आणली, जुन्या मधल्या गोळ्याच्या जागेवरून, जिथं बांधलेल्या नऊ होड्या होत्या तिथून. आम्हाला तोंडावर आच लागत होती. नव्या रिंगणाला दोन होड्यांच्या लांबीइतकं अंतर राहिलं असताना ती मंदावली, फुसफुसली आणि एकेक करून विझली.

अकॉर्डियन कधी थांबलं कळलं नाही. एल्डार उभा होता, हातात खिरीची वाटी. त्यानं खिशातून कानातलं यंत्र काढलं, कानात बसवलं, आणि सोल्वीकडे बघत राहिला. आता काहीतरी ऐकायलाच हवं, तसा.

ती म्हणाली, "खीर उरलीय का?"

लाउनेसला आम्ही हरवलं होतं, पण त्या वर्षी कुणी ते मोठ्यानं बोललं नाही. स्टाइनार दुसऱ्या दिवशी सोल्वीच्या दारात येऊन पाव तास पायपुसण्यावरच उभा राहिला. काय बोलले ते मला भिंतीतून ऐकू आलं नाही. पुढच्या वर्षीपासून त्यानं मनोऱ्यावर रंगानं मीटरच्या खुणा करायला सुरुवात केली, आणि सोल्वी होळीच्या दिवशी तीनदा मोजायला लागली. वाऱ्याचं विचारणं मात्र सुटलं नाही. आमची माणसं हातची थट्टा अशी सोडत नाहीत.

एल्डारनं मधली जागा सोडली नाही. फक्त आता तो तिथं पोचल्यावर इंजिन बंदच करत नाही. संध्याकाळी सहा ते दहा, चार तास ते डुगडुगत असतं. शेजारच्या होड्या वैतागतात, अकॉर्डियनवाला शिव्या देतो. "अरे, बंद कर की ते! गाणं ऐकू येत नाही!"

एल्डार कानाला हात लावतो, खांदे उडवतो आणि खिरीची वाटी पुढे करतो. यंत्र खिशात असतं ना.