बोलायला लागणारी वीज

वन्सं गेल्याचा फोन आला तेव्हा मी करमाडच्या घरात शेंगा निवडत होते. सिडकोतल्या त्यांच्या शेजारणीनं कळवलं... सकाळचा चहा झाला आणि खुर्चीतच. महिना उलटून गेला त्याला.

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद, विमल. शहरात कॉलेजात फिजिक्स शिकवायच्या. माझ्या सासऱ्यांनी, बापूंनी, ठरवलेलं सिल्लोडचं स्थळ त्यांनी नाकारलं आणि पुढं लग्नच केलं नाही. त्यानंतर बापलेक भेटले की दोघं एकदमच बोलायचे, शब्दानं शब्द वाढायचा. शेवटी वन्संनी येणंच सोडलं.

बापू फोनला हात लावत नसत. म्हणून वन्संनी सीबी रेडिओचे, म्हणजे बिनतारी बोलायचे, दोन सेट आणले, एक स्वतःकडं ठेवला, एक आमच्याकडं पाठवला. बटण दाबून एकानं बोलायचं, तोवर दुसऱ्यानं ऐकायचं. मध्ये तोंड घालताच येत नाही. "आम्हा दोघांना हेच बरं," त्या म्हणाल्या. ह्यांनी गच्चीवर पाइप उभा करून अँटेना चढवली आणि घरात पडलेला एक लहान अडॅप्टर सेटला जोडला. "बारा व्होल्ट लिवलंय, बसतंय की."

रोज संध्याकाळी वन्संचा आवाज स्वच्छ यायचा. मग बापू बटण दाबायचे. काही दिवसांनी वन्संनी मला फोन केला, आवाज पडलेला.

"सुमन, सेट काढून ठेव. बटण दाबल्याचं खट् तेवढं येतं, पुढं गप्प बसतात ते. राग गेलेला नाही अजून."

"गप्प कुठं? मी स्वयंपाकघरातून ऐकते की. बोलतात ते."

त्यावर अगदी वेगळ्याच आवाजात त्यांनी विचारलं, "बटण दाबल्यावर सेटचा दिवा मंद होतो का गं?"

मी कधी पाहिलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्या मीटर घेऊन स्वतःच दारात उभ्या.

बापूंनी नुसती मान हलवली. वन्संनी वायरी लावल्या, काटा बारावर गेला. "बापू, बटण दाबा." काटा झपकन खाली आला, दिवा विझायला आला. वन्संचा चेहरा मात्र उजळला. "ऐकायला सेटला थोडी वीज पुरते, बोलायला कितीतरी जास्त लागते. व्होल्ट बरोबर आहेत, पण ह्या अडॅप्टरमध्ये तेवढे अँपिअर नाहीत."

बापू काट्याकडं बघत राहिले. "म्हंजी माझं तिकडं काईच आलं नाय?"

"नाही."

"मी तर रोज इचारत व्हतो, जेवलीस का म्हणून."

वन्संनी मीटर खाली ठेवला आणि बराच वेळ वायरी गुंडाळत बसल्या.

मग बापलेक दोघं मिळून दुकानात गेले. सेटला वीज देणारा एक हलका सप्लाय आधी आणला, तो ताकदीला पुरला, पण सेटमध्ये घरघर करायचा. तो परत देऊन आत ट्रान्सफॉर्मर असलेला वजनदार डबा आणला, तो शांत निघाला. पण लोडशेडिंगपुढं त्याचंही काही चालेना. तेव्हा बापूच म्हणाले, "ट्रॅक्टरची बॅटरी बी बाराचीच हाय की." वन्संना ते इतकं आवडलं की त्यांनी तशीच एक बॅटरी आणि चार्जर बसवून दिला. बापू असेपर्यंत एक संध्याकाळ चुकली नाही.

परवा आम्ही वन्संचा फ्लॅट आवरायला गेलो. त्यांच्या घरातल्या प्रत्येक प्लगवर चिकटपट्टी, त्यावर बारीक अक्षरात तो कशाचा आणि किती वीज घेतो ते. उशाशी असलेल्या दिव्याच्या पट्टीवरचं अक्षर पुसट झालं होतं. ह्यांनी चष्मा चढवून ते वाचलं, पेन मागून त्यावरूनच गिरवलं, आणि प्लग होता तिथं परत लावला.