उभ्यानं गायचं

परवा शेजारी भिंतीला ऑइलपेंट लावत होते, त्या वासानं मला ते थिएटर आठवलं. मध्य प्रदेश व्हायच्या आधी, मध्य भारत राज्य होतं तेव्हा, एक संगीत नाटक कंपनी इंदूरला उतरली होती आणि मागे पडदे रंगवणं चाललं होतं. नव्या मुलींना वर्षभर शिकवून छोटी कामं देणार असं कळल्यावर माझी ताई हट्टालाच पेटली. मिलमध्ये क्लार्क असलेले आमचे वडील म्हणाले, "एक बार जाऊन ये. घेतलं तर ठीक, नहीं तो येईल त्या स्थळाला हो म्हणायचं." मी सोबत गेले. कंपनीच्या मालकांनी ताईला स्टेजवर उभं केलं आणि म्हणाले, "हं, चालत चालत गा." आमच्याकडे मुली गाणं शिकायच्या ते मांडी घालून, मान खाली घालून. ताई उभ्यानं कधी गायलीच नव्हती. हात कुठे ठेवावे कळेना, श्वास पुरेना, एवढा चांगला आवाज घशातच राहिला. तिनं विचारलं, "बसून गाऊ का?" ऑर्गनवाला हसला. मालक म्हणाले, "बाळ, आमची नायिका अख्खं नाटक मांडी घालून नाही बसत." परतताना टांगा कृष्णपुऱ्याला आला. तेव्हा ताई म्हणाली, "बसून ऐकलं असतं तर घेतलं असतं ना गं?" मी म्हटलं, "त्यांना बसलेली नकोच होती." दिवाळीनंतर तिचं लग्न झालं. सासरी ती कधी गायली नाही. ती वारली तेव्हा मी तिच्या मुलांना म्हटलं, तुमची आई फार छान गायची. त्यांना ते खोटं वाटलं.